रूळ उचलले, भराव राहिला

परंडा तालुक्यातल्या सोनारीला रेल्वे कधीच आली नाही. काळभैरवनाथाच्या दर्शनाला रेल्वेने येणाऱ्याला पूर्वीही बार्शीला किंवा कुर्डुवाडीला उतरावे लागे आणि आजही तेच करावे लागते. पुढची वाट रस्त्याचीच. तरीही या भागातला बाजार, शेतमालाची वाट आणि कोणते गाव वाढले नि कोणते मागे राहिले याचा हिशोब मांडताना एका रेल्वेला वगळता येत नाही. ती रेल्वे म्हणजे ‘बार्शी लाईट’. १८९७ ते २००८ अशी एकशे दहा वर्षे ती छोट्या रुळांवर या मुलखातून धावली. मग ब्रॉडगेज आले, काही भागात मार्गच बदलला, जुने रूळ उचलले गेले आणि मागे राहिले मातीचे भराव, दगडी मोऱ्या, खोदलेले चर आणि पडक्या इमारती. त्यांच्याकडे लोक दोनच नजरांनी पाहतात. कुणाला त्यात हरवलेल्या बालपणाची आठवण दिसते, तर कुणाला मोकळी पडलेली सरकारी जागा. त्या अवशेषांचे खरे मोल या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. हा मुलूख आज जसा आहे तसा का झाला, याचा जमिनीवर उमटलेला पुरावा म्हणून तो भराव वाचता येतो. आणि असा पुरावा तुकड्यातुकड्यांत नाहीसा होण्याआधी त्याची नोंद व्हायला हवी, शक्य तिथे तो सलग राखायला हवा.

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचला, पण बार्शीला बाजूला ठेवून. बार्शी तेव्हाही कापसाची मोठी पेठ होती. निजामाच्या हद्दीतला कापूस आणि धान्य घाट उतरून बार्शीत येई आणि तिथून गाड्यांवर लादून मुख्य मार्गावरच्या स्टेशनात जाई. त्या स्टेशनाचे नावच मुळी ‘बार्शी रोड’ होते. तेच पुढे कुर्डुवाडी झाले. मधले अंतर एकवीस मैलांचे. पावसाळ्यात काळ्या मातीतून भरलेली गाडी एकवीस मैल ओढणे म्हणजे काय, हे या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. ही अडचण एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरली. तो १८८२ पासून त्याच रेल्वेच्या नोकरीत होता. ती सोडून त्याने अनेक वर्षे या छोट्या मार्गासाठी खटपट केली, १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. रूळ पडत होते त्याच काळात, १८९६-९७ मध्ये, सोलापूर जिल्हा भीषण दुष्काळात होरपळत होता. पुढे मार्ग दोन्ही बाजूंना वाढला. १९०६-०७ च्या सुमारास एक फाटा पंढरपूरला आणि दुसरा बार्शीहून तडवळ्याला गेला, १९११ साली गाडी लातूरला पोहोचली आणि १९२७ साली पंढरपूरहून मिरजेला. अशी दोनशे मैलांहून लांब रेल्वे एका खासगी कंपनीकडे होती आणि १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने विकत घेतली.

कॅलथ्रॉपचा विचार नीट समजून घेतला तरच उरलेल्या खुणा वाचता येतात. दोन रुळांमधले अंतर त्याने अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर ठेवले. स्वस्त रेल्वे म्हणजे दुबळी रेल्वे, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. कॅलथ्रॉपने हिशोब उलटा मांडला. रूळ किती जड हवेत हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर किती भार येतो यावर ठरते. मग इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, आणि माल जास्त न्यायचा तर आस वाढवायचे. लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेल्या पहिल्या इंजिनांना म्हणूनच इतकी चाके होती. पाच टनांच्या या मर्यादेमुळे यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलोचे रूळ पुरले. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचे रूळ टाकतात. हलका रूळ आणि लहान गेज यांच्यामुळे वळण आखूड घेता येत होते. टेकडी आली की तिला फोडण्याऐवजी वळसा, ओढा आला की मोठ्या पुलाऐवजी योग्य जागा शोधून छोटी मोरी. जमिनीचा उंचसखलपणा मोडून काढण्याऐवजी तो पाळत जाणारा मार्ग हा पैसे वाचवण्यासाठी शोधलेला उपाय होता. आज त्याचा एक वेगळाच उपयोग आहे: ज्यांना या मुलखाची मूळ घडण पाहायची आहे, त्यांना ब्रॉडगेजच्या सरळ, उंच भरावापेक्षा बार्शी लाईटची वाकडी वाट जास्त सांगते.

येडशीचा पट्टा त्यासाठी सर्वांत बोलका. बार्शीकडून येणारी सपाटी तिथे संपते आणि बालाघाटाचे पठार सुरू होते. छोट्या गाडीला हा चढ चढून रामलिंगच्या जंगलाच्या बाजूने वर यावे लागे, आणि वर आल्यावर ती धाराशिवकडे न वळता तडवळे, ढोकी, मुरूड असे करत तेरणेच्या बाजूने लातूरकडे जाई. आता थोडे थांबून हा मार्ग नकाशावर पाहावा. जिल्ह्याचे ठाणे धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद. रेल्वे त्याच्या उत्तरेकडून निघून गेली आणि जवळजवळ शंभर वर्षे जिल्ह्याच्या गावाला स्वतःचे स्टेशन नव्हते. कंपनीने मार्ग आखला तो कचेऱ्या पाहून नव्हे, मालाच्या वाटा पाहून. कापूस, गळिताची धान्ये, ज्वारी, डाळी जिकडून येत होत्या तिकडे रूळ गेले. लातूरची पेठ पुढे किती मोठी झाली हे सर्वांसमोर आहे. ती वाढ एकट्या रेल्वेने घडवली असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण आडत, व्यापारी घराणी आणि आसपासची सुपीक जमीन यांचाही त्यात वाटा आहे. तरी ज्या पेठेला १९११ पासून मुंबईशी जोडणारा रूळ मिळाला आणि ज्या ठाण्याला मिळाला नाही, त्यांच्या नशिबातला फरक योगायोग मानता येत नाही.

परंड्याचे उदाहरण याच संदर्भात तपासायला हवे, कारण तिथे हा तर्क ताणला जाण्याचा धोका आहे. परंडा एके काळी फार मोठे ठिकाण होते. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीची गादी काही काळ परंड्यात होती, आणि विजापूरच्या बुरुजावरची ‘मुलुख मैदान’ तोफ गेली ती परंड्याहूनच. रेल्वे चुकली म्हणून परंडा मागे पडले, असे वाक्य लिहायला सोपे आहे, पण ते खरे नाही. परंड्याचे राजकीय महत्त्व रेल्वेच्या अडीचशे वर्षे आधीच ओसरले होते. खरी गोष्ट अशी की, पुन्हा उभे राहण्याची एक संधी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या गावांना मिळाली आणि ती परंड्याच्या, सोनारीच्या बाजूला वळली नाही. परंडा निजामाच्या हद्दीत, बार्शी इंग्रजी सोलापूर जिल्ह्यात. बार्शी लाईटचा पहिला टप्पा पूर्णपणे इंग्रजी मुलखात होता; निजामाच्या हद्दीत ती शिरली ती पुढच्या टप्प्यात, आणि तीही लातूरच्या मालासाठी. म्हणजे आज धाराशिव आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांमध्ये जी सरकारी रेघ आहे, ती एके काळी दोन राज्यांमधली सीमा होती, आणि रेल्वे कुठे जाईल हे ठरण्यात त्या सीमेचाही हात होता. या मार्गावरच्या काही स्टेशनांची नावेही तेच सांगतात: कळंब रोड, औसा रोड, मिरजेच्या वाटेवर जत रोड. ज्या गावाचे नाव पाटीवर, ते गाव स्टेशनापासून दूर.

हे सगळे कागदांवरून कळतेच, मग मातीच्या ढिगाऱ्यांची काय गरज, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण कंपनीचे कागद मुख्यतः भागधारकांसाठी लिहिलेले. त्यांत खर्च, उत्पन्न आणि मैल असतात. कोणत्या गावाच्या कोणत्या शिवारातून रूळ गेला, कुणाचे शेत दोन भागांत तुटले, बैलगाडी पलीकडे नेण्यासाठी मोरी कुठे ठेवली आणि कुठे ठेवली नाही, हे जमिनीवरच सापडते. त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. गावनकाशावर रेल्वेच्या जमिनीचा अरुंद लांब पट्टा वेगळा दाखवलेला असतो, आणि शेजारच्या गटांच्या हद्दी त्या पट्ट्याशी येऊन तुटलेल्या दिसतात. जुन्या टोपोशीटवर रेल्वेची रेघ आहे. उपग्रहाच्या चित्रात तीच रेघ झाडांच्या ओळीने किंवा शेतांच्या विचित्र कापलेल्या कोपऱ्यांनी ओळखू येते. मग प्रत्यक्ष जागेवर जावे. शेताचा बांध लहान अंतरात मोडत जातो, तर रेल्वेचे वळण लांबवर एकसारखे फिरते. चढही असा बेताचा की बैलगाडीच्या वाटेला तसा कुणी देणार नाही. काळ्या मातीच्या रानात अचानक फोडलेल्या दगडाची खडी पायाखाली आली की शंका उरत नाही. घडीव दगडाची मोरी, लोखंडी गर्डर काढून नेल्यावर उभे राहिलेले पुलाचे खांब, हद्दीचे दगड, इंजिनाला पाणी भरायच्या टाकीचा चौथरा, गँगमनच्या खोल्या: यांतले जे जिथे शिल्लक असेल ते त्याच क्रमाने, त्याच ओळीत सापडते. बऱ्याच ठिकाणी नवा मार्ग जुन्याच्याच अंगावरून किंवा लगतून गेल्यामुळे खुणा पुसल्या आहेत. म्हणूनच जिथे दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या, तो येडशी-तडवळ्याकडचा पट्टा अधिक मोलाचा.

आता मोठ्या आक्षेपाकडे वळू. ब्रॉडगेज आले ते भल्यासाठीच आले. मग जुन्याचे एवढे कौतुक कशाला? ब्रॉडगेजच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा २०१६ सालचा आहे. त्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी संपले आणि मिरजेहून टँकरची रेल्वेगाडी आणावी लागली. १२ एप्रिलला पहिली गाडी दहा टँकरमधून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टँकरची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: ही वाट म्हणजे जुन्या बार्शी लाईटची संपूर्ण लांबी. आसाला पाच टनांची मर्यादा असलेल्या रुळांवर हे पाणी आलेच नसते. शिवाय नव्या मार्गाने धाराशिवला स्टेशन दिले आणि शंभर वर्षांची उणीव भरून काढली. २००७ साली लातूरकडून आणि २००८ साली कुर्डुवाडीकडून धाराशिव जोडले गेले. जुनी गाडी पुन्हा सुरू करा, असे म्हणण्यात अर्थ नाही, आणि इथे तसे म्हणायचेही नाही. पण पाण्याच्या गाडीची हीच हकीकत दुसरीही एक गोष्ट दाखवते. मिरज ते लातूर सलग मार्ग २०१६ साली हाताशी होता, कारण १९२७ पर्यंत कुणीतरी जमिनीचा सलग पट्टा मिळवून ठेवला होता. रूळ बदलता येतात, गेज बदलता येते. एकदा तुकडे पडलेला पट्टा पुन्हा जोडणे मात्र अतिशय अवघड.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. लंडनच्या कंपनीने नफ्यासाठी बांधलेली रेल्वे, इथला कापूस बाहेर नेणारी. तिचे अवशेष आपण का जपावेत? नफ्याची गोष्ट खरी आहे. पण रेल्वे कंपनीची होती तरी भराव इथल्या हातांनी टाकला, मोऱ्यांचे दगड इथल्या पाथरवटांनी घडवले, शंभर वर्षे रूळ सांभाळले ते इथल्या गँगमननी. आणि ती वापरली कुणी? आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांची गर्दी एवढी असे की मालाच्या डब्यांतूनही माणसे नेली जात. याच मार्गावरच्या कसबे तडवळे गावात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेला आले. निजामाच्या राज्यातल्या एका खेड्यात अशी परिषद भरते, तेव्हा त्या खेड्यापर्यंत रेल्वेचा मार्ग असणे ही किरकोळ बाब नव्हे. कंपनीच्या हिशोबवहीत यातले काही लिहिलेले नाही. म्हणून ही रेल्वे कंपनीच्या खात्यावर लिहून मोकळे होणे म्हणजे या लोकांचा इतिहासही तिच्याच नावावर करणे होय.

तिसरा आक्षेप जमिनीचा, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार तोच. दोन पिढ्यांत वाटण्या होऊन दोन-तीन एकरांवर आलेल्या शेतकऱ्याला शेताच्या मधोमध पडून असलेला पट्टा डोळ्यांत खुपणारच. तो नांगराखाली घेतला तर त्याचे काय चुकले? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक, पट्टा अरुंद आहे. एका शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातून येते ती थोडी, खडीने भरलेली, कमी कसाची जमीन. पण सलग राहिला तर तोच पट्टा दहा-वीस गावांना रस्त्याच्या रहदारीपासून सुटका देणारी पायवाट, सायकलची वाट, शाळेची वाट होऊ शकतो. शिवाराकडे जाणाऱ्या वाटांवरून गावोगाव किती भांडणे तहसीलपर्यंत जातात हे पाहता, आधीच सार्वजनिक असलेली वाट हातची घालवणे शहाणपणाचे नाही. दुसरे कारण भविष्याचे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचे भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये झाले. त्यासाठी भूसंपादन, मोजणी, मोबदला हे सगळे पहिल्यापासून करावे लागते, आणि त्यात शेतकऱ्यालाच सर्वाधिक त्रास होतो. अमेरिकेत १९८३ साली याच विचाराने कायद्यात तरतूद झाली: बंद पडलेल्या रेल्वेची जागा विकून तुकडे करायचे नाहीत, तोवर लोकांना चालायला-सायकलला द्यायची आणि पुढे कधी गरज पडली तर पुन्हा रेल्वेसाठी घ्यायची. स्पेनने १९९३ पासून जुन्या रेल्वेमार्गांच्या अशा ‘हिरव्या वाटा’ केल्या. त्यांची लांबी आता तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे.

त्याहून जवळचे उदाहरण मात्र कॅलथ्रॉपचेच आहे. बार्शीच्या यशानंतर त्याला इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर परगण्यातल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात रेल्वे बांधण्याचे काम मिळाले. १९०४ साली सुरू झालेल्या त्या रेल्वेचे गेज तेच अडीच फूट, इंजिने किटसनचीच आणि डबे बार्शीच्या धाटणीचे, टोकाला उघडे सज्जे असलेले. बार्शीच्या उन्हासाठी योजलेला डबा इंग्लंडच्या थंडीत धावला. ती रेल्वे चालली तीस वर्षे. १९३४ साली बंद पडली. तिथल्या परगणा मंडळाने १९३७ सालीच तिच्या भरावावरून सुमारे तेरा किलोमीटरची पायवाट केली आणि ती आजही वापरात आहे. म्हणजे बार्शीची नक्कल करून बांधलेल्या, तीसच वर्षे चाललेल्या रेल्वेची वाट जवळजवळ नव्वद वर्षे जपली गेली, आणि एकशे दहा वर्षे चाललेल्या मूळ रेल्वेच्या वाटेची साधी यादीही आपल्याकडे लोकांपुढे नाही. इथे कुणी म्हणेल, इंग्लंडची हवा वेगळी. मराठवाड्याच्या उन्हात भरावावरून कोण चालणार? पण या मुलखाइतके चालणारे लोक जगात थोडेच असतील. पंढरपूरची वारी, तुळजापूरला पायी जाणारे भाविक, भैरवनाथाच्या यात्रेला सोनारीची वाट धरणारी माणसे: ही सगळी आज ट्रक-ट्रॅक्टरच्या बाजूने, डांबरी रस्त्याच्या कडेने चालतात. सावलीची झाडे लावलेला, बेताच्या चढाचा, वाहनांपासून दूर असलेला पट्टा त्यांना नको असेल, असे मानायला आधार नाही.

आपल्याकडे रेल्वेचा वारसा म्हटले की इंजिन आठवते. ते रंगवून स्टेशनासमोर उभे केले की काम झाले असे वाटते. नागपूरला २००२ साली नॅरोगेज रेल्वेचे चांगले संग्रहालय झाले. तसे प्रयत्न हवेतच. पण इंजिन कुठेही ठेवता येते. भराव मात्र आहे तिथेच राहतो किंवा नष्ट होतो, आणि त्याचा सगळा अर्थ तो जिथे आहे त्या जागेत असतो. विदर्भातल्या ‘शकुंतला’कडे पाहावे: मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी तीही अडीच फुटी, तीही कापसासाठी टाकलेली, तीही विलायती कंपनीची. तिची गाडी गेल्या दशकात थांबली, पण वाट अजून बरीचशी सलग आहे. तिचे पुढे काय करायचे यावर चर्चा चालू आहे, म्हणजे तिथे निर्णय घ्यायला अवकाश आहे. बार्शी लाईटच्या बाबतीत तो अवकाश दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आहे. कुठे भरावाची माती मुरुमासाठी उचलली जाते, कुठे मोरीचे दगड घराच्या पायात जातात, कुठे अतिक्रमण होते.

म्हणून कामाचा क्रम ठरवायला हवा आणि त्यात पर्यटनाचा आराखडा पहिला नको. आधी मोजणी. येडशीपासून तडवळ्यापर्यंत जुना मार्ग गावागावातून कुठून गेला, कोणता गट आज रेल्वेच्या नावावर आहे, कोणता दुसऱ्या खात्याकडे गेला, कोणत्या मोऱ्या उभ्या आहेत, याची एक यादी आणि एक नकाशा. हे काम रेल्वे, भूमी अभिलेख कार्यालय आणि धाराशिव-बार्शी-लातूरच्या महाविद्यालयांतले भूगोल-इतिहासाचे विभाग मिळून करू शकतात. विद्यार्थ्यांना याहून चांगला क्षेत्राभ्यास कोणता मिळणार? त्याच वेळी जुने गँगमन, सांधेवाले, स्टेशनमास्तर, कुर्डुवाडीच्या कारखान्यातले कामगार यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला हव्यात, कारण २००८ साली निवृत्तीला आलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. रामलिंगच्या भागात अभयारण्य आहे; तिथल्या जुन्या वाटेवर पायी फिरण्याची सोय करायची की नाही, किती माणसे सोडायची, हे वन खात्याने ठरवावे, पण तोवर भराव आणि मोऱ्या यांना हात लागू नये. ज्या गावांना आपल्या शिवारातला पट्टा वाटेसाठी हवा आहे त्यांनी ग्रामसभेत तसा ठराव करून रेल्वेकडे मागणी करावी. आणि जिथे पट्टा आधीच शेतात मिसळला आहे तिथे कुणाला उठवण्याची गरज नाही; नकाशावर रेघ आणि जागेवर एक दगडी खूण एवढे पुरेसे आहे.